नावाआधीचे उपचार

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन परिणामाचा शोध १९२८ साली याच तारखेला लागला म्हणून १९८७ पासून देशभर तो पाळला जातो. शाळांत प्रदर्शने भरतात, भाषणे होतात, पुठ्ठ्याच्या ज्वालामुखीतून सोडा फसफसतो. फेब्रुवारीचा हाच अखेरचा दिवस जगात दुर्मीळ आजार दिन म्हणूनही राखलेला आहे. युरोपातील रुग्णसंघटनांनी २००८ साली तो पहिल्यांदा पाळला तेव्हा तारीख २९ होती. चार वर्षांतून एकदाच उगवणारा दिवस म्हणून ती मुद्दाम निवडलेली. आपल्याकडे बहुतेक वर्षी हे दोन्ही दिवस एकाच तारखेला येतात, पण पहिल्याच्या व्यासपीठावर दुसऱ्याचा उल्लेख सहसा होत नाही. तो व्हावा यासाठी मुलांच्या हाडांच्या जन्मजात जनुकीय विकारांइतके चांगले निमित्त दुसरे नाही. विज्ञानाची चिकाटी आणि व्यवस्थेची बेफिकिरी दोन्ही त्यात एकत्र पाहायला मिळतात.

या विकारांबद्दल नेहमी एक प्रश्न विचारला जातो. आईवडील विचारतात, अधिकारी विचारतात, खासगीत काही डॉक्टरही विचारतात. यांतल्या बहुतेकांवर औषधच नाही, मग हजारो रुपये खर्चून नेमके नाव शोधायचे कशाला? प्रश्न व्यवहारी वाटतो, पण त्याच्या मुळाशी एक चुकीची समजूत आहे. नाव कळेपर्यंत मुलावर काहीच उपचार होत नाहीत, असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात नाव कळण्याआधीच सर्वाधिक उपचार होतात, आणि त्यांतले बरेचसे चुकीचे असतात.

सुरुवात अंगणवाडीतून होते. तिथे मुलाचे वजन आणि उंची मोजतात. वयाच्या मानाने उंची कमी भरली की मूल खुजे ठरते आणि पोषण आहाराच्या यादीत जाते. महाराष्ट्रात कुपोषणाचा प्रश्न खरा आहे, त्यामुळे या मोजणीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण उपासमारीने खुजे राहिलेले मूल सगळ्या अंगाने प्रमाणात लहान असते, आणि हाडांच्या वाढीतच दोष असलेल्या मुलाचे प्रमाण बिघडलेले असते. कुणाचे धड नेहमीएवढे आणि हातपाय आखूड, कुणाचे हातपाय लांब आणि धड बसके. बसलेल्या मुलाची उंची मोजली किंवा पसरलेल्या हातांची लांबी उभ्या उंचीशी ताडून पाहिली तरी हा फरक दिसतो. त्यासाठी लागणारी फीत सेविकेच्या हातात आधीच असते. तक्त्यात तो रकाना तेवढा नसतो.

पाय वाकले असतील तर निदान घरीच होते : मुडदूस. मग ड जीवनसत्त्वाची पुडी, कॅल्शियमचे सरबत, इंजेक्शन, सकाळचे ऊन. बऱ्याच मुलांना त्याने खरोखर गुण येतो. पण ज्या मुलाच्या मूत्रपिंडातून जनुकीय दोषामुळे फॉस्फेट वाहून जाते, त्याला कितीही ड जीवनसत्त्व दिले तरी पाय सरळ होत नाहीत. रक्तातले फॉस्फेट तपासणे एवढाच तिथे पहिला मार्ग असतो, आणि ही तपासणी स्वस्त आहे. हायपोफॉस्फेटेसिया या विकारात तर गोष्ट उलटी आहे. त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर रक्तात कमी असते. अहवालात हा आकडा वाढलेला दिसला की सगळे सावध होतात, कमी दिसला की कुणी थांबत नाही. अशा तान्ह्या बाळाच्या रक्तात कॅल्शियम आधीच जास्त असू शकते. त्यात मुडदुसाचे औषध म्हणजे भर.

एका विकाराबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण तो भारतात अनेक घरांत आहे आणि जवळजवळ प्रत्येक घरात त्याला आधी दुसऱ्याच नावाने ओळखले गेले आहे. प्रोग्रेसिव्ह स्यूडोर्‍हुमॅटॉइड डिस्प्लेसिया. मूल तीन-चार वर्षांपर्यंत इतर मुलांसारखे खेळत असते. मग बोटांचे सांधे जाड दिसू लागतात, चाल बिघडते, गुडघे-खुबे आखडतात. सांधे सुजले म्हणजे संधिवात, असा सरळ हिशेब होतो. बाल-संधिवाताची औषधे सुरू होतात. स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट, आणि परवडत असेल तर त्याहून महागडी. वर्षे जातात. वास्तविक या मुलांच्या सांध्यांत दाह नसतोच. ईएसआर, सीआरपी या दाह दाखवणाऱ्या दोन्ही तपासण्या नेहमीसारख्या येतात, आणि जी सूज वाटते ती हाडाची टोके रुंद झाल्यामुळे आलेली असते. हाताच्या एक्स-रेमध्ये ती रुंद टोके दिसतात, पाठीच्या एक्स-रेमध्ये चपटे मणके दिसतात. कूर्चेच्या निगेशी संबंधित एका जनुकातला हा दोष असल्याचे १९९९ मध्ये उघड झाले. पण आमच्या मुलांचा पाठीचा एक्स-रे काढतो कोण? तक्रार बोटांची असते, म्हणून फोटो बोटांचा निघतो आणि पाहिला जातो तो दाहाच्या शोधात. दरम्यान स्टिरॉइडने उरलीसुरली उंची खुंटवलेली असते आणि आधीच कमकुवत हाडे आणखी ठिसूळ केलेली असतात. नाव कळल्यावर सांधे बरे होत नाहीत, हे खरे. पण त्या दिवसापासून गोळ्या बंद होतात, आणि खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया केव्हा करायची याचा विचार शांतपणे करता येतो.

याहून भीषण उदाहरण आहे ते फायब्रोडिस्प्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा, म्हणजे स्नायू आणि स्नायुबंध हळूहळू हाडांत बदलत जाणारा विकार. दहा-वीस लाखांत एखाद्याला होणारा. लहानपणी मानेवर-पाठीवर गाठी येतात, कर्करोगाची शंका येते आणि तुकडा काढून तपासायला पाठवला जातो. या विकारात प्रत्येक इजा नव्या हाडाला आमंत्रण असते. बायोप्सीची जखम, स्नायूत दिलेले इंजेक्शन, दात काढण्यापूर्वी जबड्यात दिलेली भूल, कशानेही तिथला स्नायू कायमचा गोठू शकतो. म्हणजे निदानासाठी केलेली तपासणीच मुलाचे अंग जखडून टाकते. आणि खूण पहिल्या दिवसापासून समोर असते : बाळाच्या पायांचे अंगठे जन्मतःच आखूड आणि आत वळलेले असतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील फ्रेडरिक कॅप्लन यांच्या चमूने २००६ मध्ये जबाबदार जनुक शोधले, पण अंगठे पाहायला जनुकाची गरज तेव्हाही नव्हती आणि आताही नाही.

ही नजर कशी घडली याचा इतिहास मोठा रंजक आहे. १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॅरो यांनी अ‍ॅकॉन्ड्रोप्लेसिया हे नाव दिले आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या आखूड हातपायांच्या मुलांना सरसकट तेच चिकटवले गेले. धड आखूड असेल तर माँटेव्हिडिओचे मॉर्किओ आणि बर्मिंगहॅमचे ब्रेल्सफर्ड यांनी १९२९ मध्ये वर्णन केलेल्या आजाराचे नाव. दोनच खण, आणि सगळे जग त्यांत कोंबलेले. पॅरिसचे पिएर मारोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स-रे शेजारी-शेजारी मांडून हे खण मोडायला सुरुवात केली. दोष हाडाच्या टोकाशी आहे, टोकाखालच्या वाढीच्या भागात आहे की मधल्या दांड्यात? मणके सपाट आहेत का? ओटीपोटाचे हाड चौकोनी झाले आहे का? दंड आखूड आहे, कोपरापुढचा हात आखूड आहे की फक्त बोटे? या प्रश्नांच्या उत्तरांतून १९६९ साली पॅरिसमध्येच पहिली आंतरराष्ट्रीय यादी ठरली. ती ठरवणारे लोक अधूनमधून पुन्हा जमतात, जुनी नावे खोडतात, नवी घालतात. २०१९ च्या आवृत्तीत ४६१ विकार होते; २०२३ च्या, म्हणजे अकराव्या आवृत्तीत ७७१ नोंदी, ४१ गट आणि ५५२ जनुके आहेत. ही यादी करणाऱ्यांत मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात दीर्घकाळ काम केलेले डॉ. कट्टा गिरीशा यांचे नाव आहे, हे आज आवर्जून सांगण्यासारखे.

जर्मनीच्या युर्गेन स्प्रांगर यांनी १९८० च्या दशकात एक धाडसी कल्पना मांडली. वेगवेगळ्या नावांचे काही विकार एक्स-रेमध्ये एकमेकांसारखे दिसतात, कमी-अधिक तीव्रतेचे; तेव्हा त्यांची भावकी एकच असावी आणि मुळाशी दोषही एकच असावा. जन्मताच मृत्यू ओढवणाऱ्या एका विकारापासून डोळे आणि सांध्यांच्या तुलनेने सौम्य स्टिकलर विकारापर्यंत त्यांनी अशी एक रांग लावली होती. पुढे जनुके वाचता येऊ लागली तेव्हा त्या रांगेतल्या मुख्य विकारांत टाइप-२ कोलॅजेनच्या जनुकातच दोष सापडले. सावल्या पाहून रेणूचा अंदाज बांधणे आणि तो खरा ठरणे! विज्ञान दिनाच्या भाषणांत हे उदाहरण का येत नाही, कळत नाही.

यादी निर्दोष आहे असे मुळीच नाही. २०२३ मध्ये प्रत्येक नोंदीत जनुक आणि लक्षणचित्र यांची जोडी लावण्याचे ठरले, आणि ४६१ वरून ७७१ वर घेतलेल्या उडीत या नव्या रीतीचा वाटा मोठा आहे; तेवढे आजार चार वर्षांत जगात वाढले नाहीत. तत्त्व म्हणून जोडी योग्यच. एफजीएफआर३ या एकाच जनुकातल्या निरनिराळ्या बदलांमुळे सौम्य हायपोकॉन्ड्रोप्लेसियाही होतो, अ‍ॅकॉन्ड्रोप्लेसियाही होतो आणि ज्यात बाळ सहसा जगत नाही तो थॅनॅटोफोरिक डिस्प्लेसियाही. नुसते जनुक सांगून कुणालाच काही कळणार नाही. उलट ठिसूळ हाडांच्या ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टाला ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड सायलेन्स यांनी १९७९ मध्ये चार प्रकारांत विभागले. नंतर नव्या जनुकांबरोबर आकडे वाढत गेले, इतके की क्रमांकावरून आजार किती तीव्र हे समजेनासे झाले, आणि शेवटी तज्ज्ञांना सायलेन्सच्या जुन्या चौकटीकडेच वळावे लागले. मुलाची हाडे किती वेळा मोडतील, ते चालेल का, श्वास घेईल का, हे आईला हवे असते. जनुकाचा क्रमांक प्रयोगशाळेला हवा असतो. दोघांच्या गरजा एका तक्त्यात बसवण्याची ही ओढाताण संपेल असे वाटत नाही, आणि संपायची घाईही नसावी.

आता जनुक-तपासणी आवाक्यात येते आहे. रक्ताची एक नळी पाठवली की काही आठवड्यांत हजारो जनुकांचे वाचन हातात पडते. म्हणून एक्स-रे वाचणाऱ्याची गरज संपली, असे काहींना वाटते. आमचे मत नेमके उलट आहे. प्रत्येक माणसाच्या जनुकांत असंख्य बदल असतात. त्यांतला दोषी कोणता हे मुलाचे शरीर आणि त्याची हाडे पाहूनच ठरते. फॉर्मवर ‘उंची कमी’ एवढेच लिहून पाठवले तर अहवाल येतो ‘अर्थ अनिश्चित’, आणि ते दोन शब्द घेऊन कुटुंब पुढच्या दवाखान्यात जाते. शिवाय एक्स-रेला मुदत असते, जनुकाला नसते. वयात आल्यावर वाढीची टोके जुळून येतात आणि ज्या खुणांवरून विकार ओळखता आला असता त्या पुसल्या जातात. सोळाव्या वर्षी आलेल्या मुलीचे चौथ्या वर्षीचे फोटो कुठे आहेत, हा प्रश्न तज्ज्ञ विचारतात तेव्हा बहुधा उत्तर मिळते : घर बदलताना गेले.

शेजारच्या कर्नाटकातल्या हंदिगोडू या गावाचे प्रकरण या संदर्भात पुन्हा वाचायला हवे. शिमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात, म्हणजे आपण जोगचा धबधबा पाहायला जातो त्याच तालुक्यात, १९७० च्या दशकात शेतमजूर दलित कुटुंबांतली माणसे खुब्यांच्या वेदनांनी जायबंदी होऊ लागल्याचे उघड झाले. भातखाचरांतले खेकडे हे गरिबांचे अन्न. खाचरांत कीटकनाशके फवारली जात होती. तेव्हा विषारी खेकड्यांतून हा आजार येतो असा संशय बळावला. संशय अगदीच निराधार नव्हता, आणि गरिबाच्या आजाराचे कारण त्याच्या ताटात शोधण्याची सवय जुनीच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी पाहणी केली तेव्हा आजार घराण्यांतून चालत असल्याचे दिसले. पुढे लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतील अगरवाल, शुभा फडके आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कुटुंबेच्या कुटुंबे तपासून, एक्स-रे वाचून दाखवून दिले की हा हाडांच्या वाढीचाच एक आनुवंशिक विकार आहे, एका पिढीतून पुढच्या पिढीत थेट उतरणारा. गावाचे नाव आजाराला मिळाले. गावाला त्या बदल्यात काय मिळाले, हा हिशेब आजही सुखावणारा नाही.

घरातला हिशेब वेगळा असतो, आणि तो बाईच्या माथी मारला जातो. ग्रहणात विळी हाती घेतली असेल, गरोदरपणी काही भलतेच खाल्ले असेल, तिच्या माहेरी कुणी असे असेल. अ‍ॅकॉन्ड्रोप्लेसियाच्या दर पाच मुलांपैकी सुमारे चार मुले सर्वसाधारण उंचीच्या आईवडिलांना होतात. जनुकातला तो बदल नव्यानेच घडलेला असतो, आणि ज्या कुटुंबांत शोध घेता आला तिथे तो वडिलांकडून आलेल्या प्रतीत सापडला आहे. वडिलांचे वय वाढते तशी त्याची शक्यता वाढते. यात वडिलांचाही दोष नाही. पण तो बदल आईकडून आलेला नाही, हे सासरच्या बैठकीत एकदा कुणा डॉक्टरने मोठ्याने म्हटले पाहिजे. पुढच्या बाळाचा प्रश्नही नावावरच अवलंबून असतो. नव्याने घडलेला बदल असेल तर पुन्हा तसेच होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. दोन्हीकडून एकेक सदोष प्रत आली असेल, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्या रीतीत ते अधिक घडते, तर प्रत्येक खेपेला २५ टक्के. आई किंवा बाबांनाच विकार असेल तर बहुधा ५० टक्के. तीन मुले अगदी सारखी दिसली तरी तीन घरांना तीन वेगळी उत्तरे द्यावी लागतात. नाव नसेल तर प्रत्येकाला ‘देवाची मर्जी’ हे एकच उत्तर मिळते.

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. मार्च २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आले. ठरवून दिलेल्या केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांतले एक केंद्र आहे. ठिसूळ हाडे, दगडी हाडे, हाडांना ग्रासणारे काही साठवण-विकार त्या यादीत आहेत. मात्र मदत नावाला मिळते, लक्षणाला नाही. नाव कळेपर्यंतचा प्रवास कुटुंबाने स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या रजांतून करायचा आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात बुटकेपणाला स्वतंत्र स्थान मिळाले, पण व्याख्या प्रौढ उंचीची आहे, १४७ सेंटिमीटर किंवा कमी. नऊ वर्षांच्या मुलाची प्रौढ उंची किती होईल हे सांगायलाही आधी विकार ओळखावा लागतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळाशाळांत जातात; त्यांच्या डॉक्टरांना पाच-सहा खुणा शिकवणे आणि एक्स-रे कुठे पाठवायचे तो एक पत्ता देणे, ही फार मोठी मागणी नव्हे.

औषधांचे दिवसही बदलत आहेत. अ‍ॅकॉन्ड्रोप्लेसियासाठी व्होसोरिटाइडला २०२१ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. रोज एक इंजेक्शन, हाडांची वाढ थांबेपर्यंत. चाचणीत वर्षाला साधारण दीड सेंटिमीटर जास्त वाढ दिसली. एवढ्यासाठी इतका खटाटोप करावा का, आणि कमी उंची हा मुळात आजार आहे का, असे विचारणारे त्या विकारासह वाढलेले प्रौढ लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावू नये. दुर्मीळ विकारांच्या अभ्यासाचा ‘आपल्याला’ काय फायदा, असे विचारणाऱ्यांसाठीही एक उत्तर आहे. दक्षिण आफ्रिकेतील काही आफ्रिकानेर घराण्यांत हाडे अतोनात दाट होण्याचा विकार आढळतो. त्याचे जनुक २००१ मध्ये सापडले आणि त्यातून पाळी गेलेल्या स्त्रियांच्या हाडांच्या ठिसूळपणावर २०१९ मध्ये रोमोसोझुमॅब हे औषध आले. पण हा युक्तिवाद आम्हाला फारसा रुचत नाही. मुलाचा आजार इतरांच्या उपयोगी पडला तरच त्याकडे लक्ष द्यायचे, ही अट कोणी घातली?

शेवटी ज्या बाळांना वाढदिवस मिळतच नाही त्यांच्याविषयी. सोनोग्राफीत मांडीचे हाड आखूड आणि छाती अरुंद दिसते, बाळ मृत जन्मते किंवा तासाभरात जाते, आणि संध्याकाळपर्यंत नातेवाईक त्याला पुरून येतात. वर्षभराने तीच बाई पुन्हा गरोदर राहून येते तेव्हा मागच्या वेळी काय होते हे सांगायला कागदावर दोनच शब्द असतात : ‘जन्मजात व्यंग’. तो विकार नव्याने घडलेला असेल तर तिची धास्ती अनाठायी असते, दोन्हीकडून आलेला असेल तर दर चार खेपांत एकदा तेच वाढून ठेवलेले असते, आणि ते आता कुणालाच सांगता येत नाही. बाळ ताब्यात देण्यापूर्वी, आईवडिलांना विचारून, त्याचे डोक्यापासून पायापर्यंत समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे, हातापायांची छायाचित्रे आणि नाळेचा एक तुकडा डीएनएसाठी राखून ठेवला तर सांगता येते. एक्स-रे यंत्र बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत आहे, ते चालवणारा तंत्रज्ञही आहे. मृतजन्माच्या नोंदवहीत त्यासाठी एक रकाना घालण्याचे परिपत्रक आरोग्य खात्याने याच आठवड्यात काढावे, आणि फोटो वाचायला पाठवण्याचा पत्ता म्हणून त्यावर केईएमचे नाव छापावे.